पू होत नाही, तेव्हा

बाभळीचा काटा तळपायात मोडला की पुढे काय काय होणार, हे खेड्यातल्या कुणालाही पाठ असतं. आधी ठणका, मग लाली आणि सूज. दोन-तीन दिवसांत ती जागा पिकते, पिवळसर पू निघून जातो आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. पू पाहून तोंड वाकडं करायची आपली रीत असली, तरी त्यात असतं काय? मेलेल्या पांढऱ्या पेशी, त्यांनी मारलेले जीवाणू आणि विरघळलेल्या ऊती. जागा पिकली म्हणजे पांढऱ्या पेशी तिथे पोहोचल्या.

आता एका वेगळ्या बाळाकडे पाहू. महिन्याचं होत आलं तरी त्याची नाळ पडलेली नाही. एरवी ती एक-दोन आठवड्यांत वाळून गळते. बेंबीभोवतीची कातडी लाल झाली आहे, ताप आहे, पण पुवाचा थेंब नाही. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशींची संख्या वयाच्या मानाने कितीतरी जास्त. पेशींची रेलचेल असताना बेंबीतल्या जीवाणूंना कुणी हातच लावलेला नाही.

आणखी एक मूल घ्या, तीन वर्षांचा मुलगा. मानेतल्या गाठी पुन्हा पुन्हा पिकतात, मध्येच यकृतात गळू होतं. इथे पू भरपूर आहे. पण तो पू काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पांढऱ्या पेशींच्या पोटात जीवाणू दिसतात आणि ते जिवंत असतात.

दोन्ही मुलांमध्ये दोष एकेका जनुकाचा आहे. पांढऱ्या पेशींच्या कामाच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर हे दोष बसलेले आहेत, म्हणून आजाराचं रूप इतकं उलट. असे आजार लाखांत एखाद्याला होतात. पण निरोगी शरीरात जीवाणू कसे मारले जातात याविषयी आज जे माहीत आहे, त्यातला बराच भाग याच थोड्या मुलांमुळे कळलेला आहे.

रोजच्या दहा हजार कोटी पेशी

रक्तातल्या पांढऱ्या पेशी अनेक जातींच्या असतात. सीबीसीचा रिपोर्ट हातात आला की त्यात न्यूट्रोफिल नावाची एक ओळ दिसते. प्रौढ माणसात साधारण ५० ते ७० टक्के पांढऱ्या पेशी याच जातीच्या. जीवाणूंचा पहिला समाचार त्या घेतात.

हाडांच्या पोकळीतली अस्थिमज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते, संसर्ग झाला तर त्याहून जास्त. एवढी मोठी पैदास लागते, कारण ही पेशी रक्तात काही तास, फार तर दिवसभर टिकते. साठवून ठेवण्याचा प्रश्नच नाही. उत्पादन आठवडाभर थांबलं तरी तोंडात व्रण पडू लागतात.

पांढऱ्या पेशी परक्या वस्तूवर चालून जातात हे १८८२ मध्ये इलिया मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने पाहिलं. इटलीतल्या मेसिना गावी त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यांभोवती पेशींचा घोळका जमलेला होता. १९०८ चं नोबेल पारितोषिक त्याला पॉल एर्लिक यांच्याबरोबर विभागून मिळालं.

घोळका जमतो हे दिसलं. पण तारामाशाच्या अळीत वेगाने वाहणारं रक्त नसतं, माणसात असतं. त्या वाहत्या रक्तातून पेशी नेमक्या जागी थांबते कशी आणि बाहेर कशी पडते, याचं उत्तर मिळायला पुढची शंभर वर्षं गेली.

वाहत्या रक्तातून काठाला

पुरात वाहून जाणारा माणूस एकदम काठाचं झाड धरू शकत नाही. पाण्याचा जोर त्याला फेकून देतो. आधी हाताला लव्हाळं लागतं, ते सुटतं, पुढचं लागतं, तेही सुटतं. पण दर वेळी वेग थोडा मोडतो. वेग पुरेसा मोडला की मग एखादं भक्कम मूळ घट्ट धरता येतं. न्यूट्रोफिलचं अगदी असंच होतं.

काटा रुतलेल्या जागी जीवाणू शिरले की तिथल्या पेशी रासायनिक हाकाटी करतात. ती ऐकून जवळच्या बारीक नीलांच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं उभी राहतात. ही झाली लव्हाळी. न्यूट्रोफिलच्या अंगावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात आणि त्यांत फ्यूकोज नावाची एक विशिष्ट साखर असते. सिलेक्टिन ती साखर धरतं आणि क्षणार्धात सोडतं. या धरसोडीत पेशी नीलेच्या भिंतीवरून गडगडत जाते, हळू हळू.

गडगडताना तिला भिंतीवरच्या रसायनांचा इशारा मिळतो. मग पेशीच्या अंगावर एरवी दुमडून बसलेली दुसरी प्रथिनं ताठ होतात. त्यांना इंटिग्रिन म्हणतात. भिंतीवरच्या जोडीदार प्रथिनाला इंटिग्रिन घट्ट पकडतात आणि पेशी थांबते. आता ती चपटी होते, अस्तराच्या दोन पेशींमधून अंग चोरून बाहेर पडते आणि रसायनाचा माग काढत जीवाणूंपर्यंत जाते. हे सगळं काही मिनिटांत उरकतं.

मुळाची पकड सुटली तर

नाळ न पडलेल्या बाळात दोष आहे तो या घट्ट पकडीत. १९७० च्या दशकाच्या शेवटी नाळ उशिरा पडणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या मुलांची वर्णनं वैद्यकीय नियतकालिकांत आली. त्यांच्या न्यूट्रोफिलवर एक प्रथिन नाही, हे पुढच्या काही वर्षांत कळलं. त्याचं नाव सीडी-१८. इंटिग्रिन दोन तुकडे जुळून बनतात आणि सीडी-१८ हा त्यातला सामाईक तुकडा. तो बनवणारं जनुक २१ व्या गुणसूत्रावर आहे. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. एकच बिघडलेली प्रत असणारा माणूस ठणठणीत असतो.

या आजाराला डॉक्टर थोडक्यात ‘लॅड’ म्हणतात, पूर्ण नाव ल्यूकोसाइट ॲडहेजन डेफिशियन्सी: पांढऱ्या पेशींच्या चिकटण्यातली उणीव. पहिल्या प्रकारचा लॅड साधारण दहा लाख जन्मांत एकदा दिसतो. पेशी गडगडतात, पण थांबत नाहीत. रक्तात फिरत राहतात, म्हणून त्यांची गणती फुगते. एका मायक्रोलिटर रक्तात निरोगी प्रौढाच्या चार ते अकरा हजार पेशी असतात, तर या मुलांमध्ये संसर्गाच्या काळात हा आकडा लाखापर्यंत गेलेला आहे. काही वेळा अशा रिपोर्टमुळे आधी रक्ताच्या कर्करोगाचीच शंका घेतली जाते.

नाळेचा खुलासाही इथेच होतो. नाळ नुसती वाळून पडत नाही. तिच्या बुडाशी न्यूट्रोफिल जमतात आणि ऊती विरघळवून तिला सोडवतात. ते आलेच नाहीत तर नाळ तशीच लटकत राहते. (नाळ तीन आठवडे राहिली म्हणून कुणी धास्तावू नये. बहुतेक बाळांत त्याचं कारण साधंच निघतं. सोबत संसर्ग असेल तर मात्र रक्त तपासलं पाहिजे.)

सीडी-१८ अजिबात नसलेली मुलं उपचाराविना बहुधा दोन वर्षांची होण्याआधी दगावतात. थोडंफार प्रथिन असलेली मोठी होतात. त्यांना वारंवार होणारे त्वचेचे व्रण, लवकर न भरणाऱ्या जखमा आणि हिरड्यांचा जबर आजार सोसावा लागतो. हिरड्यांचं कारण उघड वाटत होतं: पेशी पोहोचत नाहीत, म्हणून जीवाणू माजतात. २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी या समजाला धक्का दिला. न्यूट्रोफिल हिरडीत येऊन मरतात, तेव्हा दाह आवरण्याचा इशाराही देऊन जातात. ते आलेच नाहीत तर तो इशारा मिळत नाही आणि दाह बेफाम होऊन दाताखालचं हाड खातो. त्यांनी एका रुग्णाला दाह दाबणारं, सोरायसिससाठी वापरात असलेलं औषध दिलं आणि हिरड्या सुधारल्या. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच लंगडी आहे त्याला प्रतिकार दाबणारं औषध देणं उलटंच वाटतं, पण ते लागू पडलं.

एका वळूचा वारसा

हा दोष माणसापुरता नाही. अमेरिकेतल्या काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन गाईंची काही वासरं वारंवार न्यूमोनिया, हगवण आणि तोंडातल्या व्रणांनी वर्षाच्या आत मरत. रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट. १९९२ मध्ये त्यांच्या सीडी-१८ च्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं आढळलं. वंशावळी तपासल्यावर सगळ्या वाटा १९५० च्या दशकातल्या ऑसबॉर्नडेल इव्हानहो नावाच्या वळूकडे गेल्या. त्याच्या वंशातले वळू दुधाच्या वाणासाठी नावाजलेले होते. कृत्रिम रेतनामुळे एका वळूची हजारो वासरं होतात आणि दुधाच्या वाणाबरोबर हे एक अक्षरही पसरत गेलं. दोष सापडला तेव्हा अमेरिकेतल्या होल्स्टीन वळूंपैकी सुमारे १५ टक्के त्याचे वाहक होते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या गोठ्यांमध्ये आज ज्या एचएफ संकरित गाई दिसतात, त्यांच्या रक्तात याच जातीचा अंश आहे. म्हणूनच भारतात गोठवलेल्या रेतमात्रा तयार करणाऱ्या केंद्रांवर होल्स्टीन आणि संकरित वळूंची या दोषासाठी जनुकीय तपासणी केली जाते. वाहक वळू बाजूला काढला की दोन वाहकांचा संयोग टळतो आणि वासरू वाचतं.

बॉम्बे रक्तगट आणि हैफातली दोन मुलं

घट्ट मूळ शाबूत असताना लव्हाळीच हाताला लागली नाहीत तर? तेही घडतं आणि त्या गोष्टीचा एक धागा परळपर्यंत येतो.

१९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विलक्षण रक्तगटाचं वर्णन ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलं. या माणसांना ए, बी, एबी तर नाहीच, ओ गटाचं रक्तही चालत नव्हतं. ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, ती एच नावाची खूणच त्यांच्या तांबड्या पेशींवर नव्हती. एच खुणेच्या टोकाला असतं फ्यूकोज. जगाने या गटाला बॉम्बे हेच नाव दिलं.

चाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, इस्राएलमधल्या हैफा इथल्या डॉक्टरांपुढे एकमेकांशी नातं नसलेली दोन मुलं आली. वारंवार न्यूमोनिया, हिरड्यांचा आजार, फुगलेली पेशीसंख्या आणि पू नाही. सगळी लक्षणं लॅडची, पण सीडी-१८ तपासलं तर ते व्यवस्थित. मुलांची वाढ खुंटलेली होती, बुद्धीही मागे राहिली होती. आणि दोघांचाही रक्तगट होता बॉम्बे.

रक्तगटाचा आणि पांढऱ्या पेशींचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. दुवा आहे फ्यूकोजचा. पेशीच्या आत ही साखर ज्या कप्प्यात प्रथिनांना जोडली जाते, तिथवर तिला वाहून नेणारं एक प्रथिन असतं. या मुलांमध्ये ते वाहक प्रथिनच बिघडलेलं होतं. त्याचं जनुक २००१ मध्ये सापडलं. फ्यूकोज कप्प्यात पोहोचत नसल्यामुळे तांबड्या पेशींवर एच खूण नाही आणि न्यूट्रोफिलवर सिलेक्टिनला धरता येईल अशी साखळीही नाही. एकाच अडथळ्याने रक्तपेढीतला आणि जखमेतला असे दोन्ही घोटाळे केले.

बॉम्बे गटाच्या कुणी हे वाचून घाबरण्याचं कारण नाही. मुंबईत सापडलेल्या मूळ प्रकारात फ्यूकोजची वाहतूक नीट चालते. बिघडलेलं असतं ते तांबड्या पेशीवर ती साखर शेवटी चिकटवणारं एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन. पांढऱ्या पेशींसाठी वेगळी विकरं असल्यामुळे त्यांचं काम बिनबोभाट चालतं. अशा माणसाला काळजी करावी लागते ती फक्त रक्त लागलं तर दाता मिळण्याची.

हैफाच्या मुलांसारख्या काही रुग्णांना तोंडावाटे फ्यूकोज देऊन पाहण्यात आलं. काहींच्या पेशी भिंतीवर गडगडू लागल्या आणि संसर्ग कमी झाले. काहींना उपयोग झाला नाही. वाहक प्रथिन किती बिघडलं आहे यावर ते ठरतं.

१९५२ च्या त्या निबंधाचे एक सहलेखक डॉ. एच. एम. भाटिया पुढे परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेचे संचालक झाले. केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या याच संस्थेत आज लॅडसारख्या आजारांच्या निदानाचं काम चालतं.

गिळलं, पण मारता आलं नाही

आता गाठी पिकणाऱ्या मुलाकडे. त्याच्या पेशी वेळेवर पोहोचल्या, जीवाणू त्यांनी गिळलाही. अडलं ते त्यापुढे.

१९५७ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डॉक्टरांनी अशा काही लहान मुलग्यांचं वर्णन केलं. त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं कमी नव्हती, उलट जास्तच होती. पांढऱ्या पेशी पुरेशा होत्या. तरी पोरं संसर्गाने मरत होती. डॉक्टरांनी आजाराच्या नावातच ‘प्राणघातक’ हा शब्द घातला. नऊ-दहा वर्षांनी त्याच राज्यातल्या पॉल क्वी, ब्यूला होम्स आणि सहकाऱ्यांनी या मुलांचे न्यूट्रोफिल परीक्षानळीत जीवाणूंबरोबर ठेवले. गळवं करणारा स्टॅफिलोकोकस त्या पेशींनी बिनतक्रार गिळला, पण काही तासांनी पाहिलं तर तो आत जिवंतच.

का, ते कळण्यासाठी थोडं मागे जावं लागतं. १९३३ मध्ये दोन संशोधकांना दिसलं होतं की कुत्र्याच्या पांढऱ्या पेशी जीवाणू गिळताना एकदम भरपूर प्राणवायू ओढून घेतात. मेहनत पडते म्हणून दम लागत असेल, असा सरळ अर्थ त्यांनी लावला. तो चुकीचा होता. पेशीचं ऊर्जा बनवण्याचं यंत्र विष घालून बंद पाडलं तरी प्राणवायू खेचला जातो, हे पुढे दिसलं. तो प्राणवायू वापरला जातो जीवाणू मारण्यासाठी.

जीवाणू गिळला की त्याच्याभोवती पेशीच्या पडद्याची एक पिशवी तयार होते. या पडद्यात दोन प्रथिनं आधीच बसलेली असतात आणि आणखी तीन पेशीद्रवात सुटी फिरत असतात. इशारा मिळाला की ती तीन येऊन पडद्यातल्या दोघांना जुळतात आणि एक विकर पूर्ण होतं. त्याचं नाव एनएडीपीएच ऑक्सिडेज. ते पेशीतले इलेक्ट्रॉन उचलून पिशवीतल्या प्राणवायूवर टाकतं. त्यातून सुपरऑक्साइड बनतं, त्याचं हायड्रोजन परॉक्साइड होतं आणि दुसरं एक विकर त्यात क्लोराइड मिसळून हायपोक्लोरस आम्ल तयार करतं. घराची फरशी निर्जंतुक करायला जे ब्लीच वापरतात, त्याचा परिणाम याच आम्लामुळे होतो. सुटी प्रथिनं वेळ आल्याशिवाय जुळत नाहीत, ही सोय शहाणपणाची आहे. एरवी पेशीने स्वतःलाच जाळून घेतलं असतं.

या पाचांपैकी कुठलंही एक प्रथिन बिघडलं तरी विकर बनत नाही. २०१८ मध्ये सहावं जनुकही या यादीत आलं. आजाराला आता क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज किंवा सीजीडी म्हणतात. जीवाणू मरत नाहीत, पेशी मात्र येतच राहतात आणि त्यांच्या घट्ट गाठी होतात. या गाठींनी कधी जठराचं तोंड, कधी मूत्रमार्ग बंद पडतो. मुलग्यांचं प्रमाण जास्त असण्याचं कारण म्हणजे पाचांपैकी सर्वांत जास्त वेळा बिघडणारं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. १९८६ मध्ये ते सापडलं तेव्हा एक नवा पायंडा पडला: प्रथिन आधी ओळखून त्यावरून जनुकाकडे जाण्याऐवजी, गुणसूत्रावरच्या जागेवरून थेट शोधून काढलेलं ते माणसाचं पहिलं जनुक.

सगळेच जीवाणू या मुलांना सतावत नाहीत. घसा दुखवणारा स्ट्रेप्टोकोकस त्यांच्या पेशी सहज मारतात. स्ट्रेप्टोकोकस स्वतःच हायड्रोजन परॉक्साइड सोडतो आणि आपल्याच रसायनाने मरतो, तर स्टॅफिलोकोकसकडे ते रसायन मोडणारं कॅटलेज नावाचं विकर असतं, असं सुटसुटीत स्पष्टीकरण बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत होतं. नंतर कॅटलेज काढून टाकलेले स्टॅफिलोकोकस सीजीडीच्या उंदरांना देऊन पाहिले. उंदीर तितकेच आजारी पडले. स्पष्टीकरण देखणं होतं, पुरेसं मात्र नव्हतं.

हायपोक्लोरस आम्ल बनवणाऱ्या विकराची गोष्ट तर आणखी चक्रावणारी. त्याचं नाव मायलोपेरॉक्सिडेज. पुवाला कधी कधी हिरवट झाक येते ती याच्या रंगामुळे. काही हजारांत एका माणसात ते जन्मतःच नसतं. ब्लीचच बनत नाही म्हटल्यावर ही माणसं सारखी आजारी असायला हवीत. बहुतेकांना आपल्यात काही उणं आहे याचा पत्ताही नसतो. म्हणजे सुपरऑक्साइडची पहिली पायरी गेली तर प्राणावर बेततं आणि शेवटची गेली तर फारसं बिघडत नाही. ब्लीच हे मुख्य हत्यार असावं, या समजाला या माणसांनी तडा दिला.

भारतात सीजीडीचा सुगावा कधी कधी बीसीजीच्या लशीतून लागतो. इथे बाळाला जन्मानंतर लगेच डाव्या दंडावर बीसीजी टोचतात. लशीत क्षयाच्या जंतूचा दुबळा केलेला जिवंत भाऊबंद असतो. एरवी तिथे छोटा फोड येऊन वण राहतो. सीजीडी असलेल्या काही बाळांत मात्र त्या बाजूच्या काखेत मोठी गाठ येते, ती फुटून वाहत राहते. लशीनंतर काखेत बारीकशी गाठ पुष्कळ बाळांना येते आणि विरून जाते. न विरणारी, वाहणारी गाठ आणि सोबत इतर संसर्ग असतील, तरच बालरोगतज्ज्ञ पुढच्या तपासण्या सांगतात.

तपासणीला रक्ताचे काही थेंब पुरतात. जुन्या पद्धतीत पेशींना पिवळा रंग देऊन चेतवतात. विकर चालू असेल तर रंग निळा-जांभळा होतो, बंद असेल तर पिवळाच राहतो. नव्या पद्धतीत चकाकणारा रंग आणि पेशी एकेक करून मोजणारं यंत्र वापरतात. मुलग्याची तपासणी करताना आईचीही करतात, कारण एक्सवरचा दोष वाहणाऱ्या स्त्रीच्या रक्तात दोन प्रकारचे न्यूट्रोफिल एकत्र दिसतात, काही पेटणारे आणि काही थंड. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो, त्याचा हा परिणाम. दहा-वीस टक्के पेशी पेटत असल्या तरी ती बहुधा सुरक्षित राहते.

आणखी काही अडथळे

काही मुलांत पेशी मुळात तयारच होत नाहीत. स्वीडनचे डॉ. रोल्फ कॉस्टमन यांनी उत्तरेकडच्या काही कुटुंबांमधली अशी बाळं १९५० च्या दशकात नोंदवली. त्यांची अस्थिमज्जा न्यूट्रोफिल पिकवण्याआधीच गमावत होती. जबाबदार जनुक सापडलं २००७ मध्ये. याच गटात एक चमत्कारिक आजार आहे: न्यूट्रोफिल दर २१ दिवसांनी जवळजवळ शून्यावर येतात आणि परत वाढतात. तोंडातले व्रण आणि ताप इतक्या नेमाने येतात की आई कॅलेंडरवर पुढची तारीख सांगू शकते.

काही मुलांत जीवाणू आल्याची वर्दीच पेशीपर्यंत पोहोचत नाही. आयआरएके-४ या प्रथिनाच्या अभावी गंभीर संसर्ग असूनही अंगात फारसा ताप नसतो, रक्तातल्या दाहाच्या खुणाही वाढत नाहीत. पालक आणि डॉक्टर दोघेही त्यामुळे फसतात. गंमत अशी की बालपणातून ही मुलं तगली तर किशोरवयानंतर त्यांचे गंभीर संसर्ग बहुधा थांबतात. शरीराने तोवर दुसरे मार्ग उभे केलेले असतात.

चेडियाक–हिगाशी या आजारात पेशीतल्या विकरांच्या पुड्या एकमेकींत मिसळून अवजड गोळे होतात आणि जीवाणूच्या पिशवीत वेळेवर रिकाम्या होत नाहीत. याचं निदान अनुभवी डोळ्याला साध्या काचपट्टीवरच करता येतं. मुलाचे रुपेरी झाक असलेले केस हा आणखी एक संकेत.

> चौकट: कुठे अडलं, तर काय दिसतं
>
> पेशी बनत नाहीत: न्यूट्रोफिलची संख्या फार कमी, तोंडात व्रण, वारंवार ताप.
>
> पेशी रक्तातून बाहेर पडत नाहीत: संख्या फार जास्त, पू नाही, नाळ उशिरा पडते, जखमा भरत नाहीत.
>
> पेशींना वर्दी मिळत नाही: गंभीर संसर्गातही ताप कमी.
>
> पेशी गिळतात, पण मारत नाहीत: पू भरपूर, गाठी आणि यकृतात गळवं, बुरशीचा न्यूमोनिया.
>
> सर्दी-खोकला वारंवार होणं ही या आजारांची खूण नव्हे. शाळेत जाऊ लागलेल्या मुलांना तो होतच असतो. खोलवर होणारी गळवं, शिरेतून औषध द्यावं लागणारे संसर्ग, किंवा घरातलं आधीचं मूल लहानपणीच संसर्गाने दगावलेलं असणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना सांगावं.

इलाज कुठवर आले

सीजीडीच्या नावातला ‘प्राणघातक’ हा शब्द गळून पडला तो स्वस्त औषधांमुळे. रोज कोट्रायमॉक्झाझोलची गोळी जीवाणू रोखते आणि इट्राकोनाझोल बुरशी. १९९१ मध्ये १२८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत इंटरफेरॉन-गॅमाच्या इंजेक्शनांनी गंभीर संसर्ग सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाले. कॉस्टमनच्या आजारात अस्थिमज्जेला चेतवणारं जीसीएसएफ हे औषध १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि बहुतेक मुलं जगू लागली.

मुळावरचा इलाज म्हणजे अस्थिमज्जा बदलणं. जुळणारं भावंड मिळालं तर निकाल चांगले येतात. न मिळाल्यास मुलाच्याच मूळपेशी काढून त्यांत दुरुस्त जनुक घालून परत देण्याचा मार्ग आहे. पहिल्या प्रकारच्या लॅडच्या नऊ मुलांवर तो वापरला गेला आणि नऊच्या नऊ जगली. सीजीडीत सुरुवातीचे प्रयत्न फसले होते: २००६ च्या सुमारास जर्मनीत ज्या विषाणूच्या पाठीवर जनुक घातलं, त्याने आजूबाजूची नको ती जनुकं चालू केली. आता वापरतात ते विषाणू अधिक सुरक्षित आहेत.

जनुकातल्या एका अपघाताने तर एका बाईचा आजारच बरा केला. ‘व्हिम’ नावाच्या दोषात सीएक्ससीआर-४ हे प्रथिन गरजेपेक्षा जास्त जोर लावून न्यूट्रोफिलना अस्थिमज्जेतच डांबून ठेवतं. १९६४ मध्ये या आजाराचं पहिलं वर्णन झालं ते एका लहान मुलीवरून. जवळपास पन्नास वर्षांनी तीच स्त्री आपल्या मुलींना घेऊन अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आली. मुलींना आजार होता. आईचा मात्र तिशीत केव्हातरी आपोआप नाहीसा झाला होता. संशोधकांनी तिच्या पेशी तपासल्या. अस्थिमज्जेतल्या एका मूळपेशीत दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राचे तुकडे होऊन ते वेडंवाकडं परत जुळलं होतं आणि त्या गोंधळात १६४ जनुकांची एकेक प्रत हरवली होती. सीएक्ससीआर-४ ची बिघडलेली प्रत त्यातच गेली. एवढी मोडतोड झालेली पेशी एरवी मरते किंवा कर्करोगाकडे वळते. ही जगली, वाढली आणि तिच्याच वंशातल्या पेशींनी अस्थिमज्जा भरून टाकली.

तो निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एक प्रत गमावलेल्या पेशी इतरांना मागे टाकून अस्थिमज्जेत जोमाने वाढतात, हे पुढे उंदरांवरही दिसलं. त्यामुळे मूळपेशींच्या रोपणात या गुणाचा उपयोग करता येईल का, याचा शोध सुरू झाला. तोवर व्हिमच्या रुग्णांसाठी सीएक्ससीआर-४ ला अडवणारं, तोंडाने घ्यायचं मॅव्होरिक्झाफोर हे औषध अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये मंजूर झालं आहे. बारा वर्षांवरच्या रुग्णांना ते रोज एकदा, सकाळी अनशापोटी घ्यावं लागतं.